अळणी मोरस

माझा कढीपत्ता घरतांनी मारला. हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचताना या बाईचं मत कलुषित आहे असं कुणाला वाटलं, तर ते अगदी बरोबर आहे. माझं मत तेव्हाही कलुषित होतं आणि इतक्या वर्षांत ते धुऊन काढायचा मी कधी प्रयत्न केलेला नाही. माहेरहून, साताऱ्याहून, ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेलं रोप होतं ते. मी त्याला ताक घालून घालून कमरेइतकं वाढवलं होतं. शेजारच्या फोडणीलासुद्धा त्याचीच पानं जायची. म्हणजे घरतांच्याच.

आम्ही पिंपरीला कंपनीच्या कॉलनीत राहायचो. सत्तरच्या पुढेमागे म्हणा. खालच्या मजल्यावर दोन क्वार्टर्स शेजारी शेजारी, पुढे वीतभर अंगण, मध्ये तारेचं कुंपण. एकीकडे आम्ही, दुसरीकडे घरत. मी कॉलनीच्या प्राथमिक शाळेत शिकवायची, त्यामुळे अख्खी कॉलनी मला 'बाई' म्हणायची. आमचे हे मशीन शॉपमध्ये होते आणि घरत स्टोअरकीपर. नुसते स्टोअरकीपर म्हटलेलं त्यांना चालत नसे. "स्टोअर्स सांभाळतो मी," असं ते म्हणत. ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस एक दिवस रजेवर गेला तर कंपनीला कुलूप लागेल.

कमरेला किल्ल्यांचा जुडगा. कंपनीच्या किल्ल्या कंपनीतच ठेवायच्या असतात हो, पण यांच्या कमरेला घरीसुद्धा जुडगा असायचाच. कशाच्या किल्ल्या होत्या देव जाणे. कुणाच्या दारात उभे राहिले की कडी वाजवण्याऐवजी जुडगा वाजवायचे. शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. बोलणं पुस्तकी. "बाई, आपल्याकडे साखर उपलब्ध आहे का?" अशी साखर मागायचे. आणि वाटी परत करताना त्यांच्या घरची साखर आमच्यापेक्षा कशी जाड दाण्याची आहे ते दाखवून जायचे.

पण हे सगळं मी सोसलं असतं. माणसाला एखादी खोड असतेच. मला संताप यायचा तो त्यांच्या जिभेचा. घरत मूळचे पेणजवळच्या खाडीकाठचे. तिथे मिठागरं आहेत. "आमची मिठागरं," घरत म्हणायचे. खाडीकाठी जन्मलेल्या माणसालाच तेवढी चव कळते, बाकी घाटावरची आम्ही माणसं पोट भरण्यासाठी काहीबाही चघळतो, हे त्यांचं ठाम मत. आमच्याकडच्या कुठल्याच भाजीला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. मेथी, चाकवत, अंबाडी, सगळ्याला एकच शब्द, 'पाला'. कंपनीच्या कँटीनमध्ये जेवायला बसले की आधी दुसऱ्यांच्या डब्यांत डोकावायचं. "काय राव, आज कुठला पाला?" आमचे हे घरी येऊन सांगायचे, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. डबा मी भरलेला असायचा ना!

त्यांची बायको मात्र लाख माणूस. कॉलनीत तिला सगळे घरतवहिनी म्हणत. सावळी, ठेंगणी, कपाळावर मोठं कुंकू. नवऱ्यासमोर शब्द काढायची नाही आणि नवरा कामावर गेला की कुंपणाशी उभी राहून असं काही बोलायची की हसून हसून पोटात दुखावं. मिठागरांची हकिकत मला तिनंच सांगितली.

"मिठागर शेटचा ओ, बाई. यांचे बाबा तिथं मीठ ओढायचे. उन्हात पाय फुटायचे त्यांचे."

"मग हे 'आमची आमची' काय म्हणतात?"

"म्हणू द्या. बोलायला कुठं मीठ लागतं?"

बाप मिठागरावर राबला, ही खरं तर मान वर करून सांगायची गोष्ट. ती या माणसाला लपवावीशी वाटली, आणि शेटजीचं मिठागर आपलं म्हणून मिरवावंसं वाटलं. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मी माझ्यापुरतं केव्हाच ठरवलं होतं.

तर मोरस. मोरस म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलात आपोआप उगवणारी भाजी. बोटाच्या पेराएवढी, गुबगुबीत, सुईसारखी पानं. कोवळी असताना हिरवी, जून झाली की लालसर. समुद्राचं सगळं खारटपण तिच्या अंगात मुरलेलं असतं, म्हणून ती करताना वरून मीठ घालत नाहीत. वहिनी माहेरी गेल्या की पिशवीभर घेऊन यायच्या. निवडायची, उकळून पिळून पाणी टाकून द्यायचं, मग कांदा, लसूण, भिजलेली चण्याची डाळ आणि मूठभर सुकट. मी सुकट न घातलेली खाल्ली आहे. चांगली लागते. खोटं कशाला बोलू, फार चांगली लागते. भाकरीबरोबर तर विचारूच नका. पण घरत वाढायला लागले की घास घशात अडकायचा, कारण प्रत्येक घासाला ते माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. "कशी आहे?" असं विचारायचे नाहीत. "आहे की नाही?" असं विचारायचे.

मग एका वर्षी त्यांच्या डोक्यात आलं, की मोरस पिंपरीतच पिकवायची.

"आमच्याकडं मोरस कुणी लावत नाय," वहिनी मला हळूच म्हणाल्या. "ती येते. गवत लावतं का कुणी?"

पण साहेबांनी ठरवलं ना! कंपनीच्या भंगारातले तेलाचे रिकामे ड्रम आडवे कापून आणले. चौकीदारानं फाटकावर अडवलं तर त्यालाच नियम शिकवून आले. मग गावाहून खाडीचा चिखल. पोत्यात भरून, एसटीनं, खोपोलीचा घाट चढून. घाटात म्हणे त्या पोत्यातून काळं पाणी गळायला लागलं आणि कुणा बाईच्या लुगड्याला लागलं. कंडक्टरनं पोतं खाली टाकायला सांगितलं, तर यांनी त्याला सुनावलं, "ही माती आहे म्हणून समजू नका. हे बियाणं आहे." शेवटी पोत्याचं वेगळं तिकीट काढून आणि सगळ्या गाडीच्या शिव्या खाऊन चिखल पिंपरीला पोचला. आठवडाभर आमच्या अंगणात कुजक्या मासळीचा वास सुटला होता. मी खिडक्या लावून घेतल्या.

पहिली रोपं मेली. दुसरी मेली. मग त्यांनी शोध लावला, की पिंपरीच्या नळाचं पाणी गोडं असल्यामुळे मोरस 'उपाशी' राहते. झालं! खडेमिठाचं पोतं आलं. रोज सकाळी बादलीत मीठ विरघळवायचं, बोट बुडवून चाटून बघायचं, आणि पूजेचं तीर्थ शिंपडावं तसं ड्रमांत घालायचं. अंगात बनियन, कमरेला जुडगा, हातात बादली. आणि आता एक गोष्ट मला दात खाऊन मान्य करावी लागतेय. मोरस लागली. चांगली तरारली. समुद्रापासून इतक्या लांब, त्या तेलाच्या ड्रमांत, खाडीकाठी असावी तशी मोरस उभी राहिली. कॉलनीतली माणसं बघायला यायची. घरत कुंपणाशी उभे राहून प्रत्येकाला मिठाचं प्रमाण समजावून सांगायचे.

पिंपळे गुरवहून भाजीची पाटी घेऊन भागूबाई यायची. तिला त्यांनी एकदा मुद्दाम थांबवलं. तिच्या पाटीतल्या ताज्या मेथीकडे बोट दाखवून म्हणाले, "हा पाला किती दिवस विकणार? भाजी कशी असते ते बघून जा." आणि मोरसेची काडी तिच्या हातावर ठेवली. भागूबाईनं चावली आणि तिथल्या तिथे थुंकली.

"आगं बया! ह्ये तर निस्तं मीठच हाय की! ह्ये भाजी न्हाई, दादा. आमी बैलाला मीठ चाटवतो, त्यातली गत झाली ही."

मी कुंपणाअलीकडे इतकी हसले, की घरत दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते दोन दिवस फार सुखात गेले.

आणि मग कढीपत्ता. घरतांच्या ड्रमांना खाली भोकं होती. त्यातून निथळलेलं मिठाचं पाणी उतारानं कुंपणाखालून आमच्या अंगणात यायचं. आधी पानांच्या कडा करपल्या, मग पानं गळाली, मग नुसत्या काटक्या उरल्या. मी घरतांना बोलावून दाखवलं. त्यांनी वाकून बघितलं, एक काटकी मोडून वास घेतला आणि म्हणाले, "बाई, आपलं झाड मुळातच नाजूक होतं." मी शाळेत पोरांवर सुद्धा एवढी कधी ओरडले नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना म्हणाले, "पर्याय म्हणून आपण मोरस लावू शकता."

हा माणूस असा होता. आता खरं काय झालं ते सांगते.

घरतवहिनींना चक्कर यायला लागली. पाय सुजायचे. संध्याकाळपर्यंत चपलेचा पट्टा मांसात रुतायचा. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर डॉक्टर सान्यांचा दवाखाना होता. मिलिटरीतून निवृत्त झालेले, देहूरोडहून स्कूटरवर यायचे. कमी बोलणारे आणि बोलले की हुकूम सोडल्यासारखे. त्यांनी वहिनींचं ब्लडप्रेशर बघितलं आणि घरतांना सांगितलं, "मीठ बंद. एकदम बंद. नाहीतर एक दिवस बसल्या जागी झटका येईल आणि मग माझ्याकडे येऊ नका."

घरत घाबरले. खरंच घाबरले, चेहरा पांढराफटक पडला होता, मी बघितलाय. पण या माणसाची भीतीसुद्धा स्टोअरकीपरची. घरी आल्याबरोबर मिठाची बरणी कपाटात आणि कपाटाला कुलूप. त्या जुडग्यातली एक किल्ली अखेर कामाला आली. लोणचं बंद, पापड बंद, सुकट बंद. सुकटीचा डबा त्यांनी भागूबाईला देऊन टाकला. स्वतःच्या ताटात घ्यायचं मीठ ते कपाट उघडून चिमटीनं काढायचे आणि पुन्हा कुलूप लावायचे. वहिनींच्या ताटात बिनमिठाची आमटी, बिनमिठाचा भात, बिनमिठाची भाकरी.

"कपड्याचा पिळा चावल्यासारखं वाटतं, बाई," वहिनी म्हणाल्या. "पण करणार काय."

आणि मोरस? मोरस चालू! रोज! दोन्ही वेळा!

मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, माझेच डोळे फिरले. वहिनींच्या ताटात हिरवीगार मोरस. मी तशीच घरतांकडे गेले. "अहो, ही भाजी खारट असते ना? मग यांना कशी देता?"

घरतांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी स्टोअरमध्ये चिठ्ठीशिवाय नटबोल्ट मागायला आले होते.

"बाई, मोरसेत मीठ घालत नाहीत."

"घालत नाहीत, कारण ती आधीच..."

"घालत नाहीत," ते पुन्हा म्हणाले, एकेक शब्द सुटा करून. "जे स्टोअरमधून इश्यू झालंच नाही, ते जॉबमध्ये येईल कुठून? मिठाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे. मी इश्यू केलेलं नाही. म्हणजे मीठ नाही. खारट चव हा त्या वनस्पतीचा गुण आहे. गुण वेगळा, मीठ वेगळं. घाटावरच्यांना हा फरक नाही कळायचा."

मी वहिनींकडे बघितलं. त्या खाली मान घालून जेवत होत्या. मी म्हटलं, निदान उकळून, पिळून तरी देता ना? तर नाही! ती पद्धतही साहेबांनी बंद केली होती. उकळलेलं पाणी फेकलं की सत्त्व जातं, असं कुठल्यातरी मासिकात वाचलं होतं त्यांनी. आता फोडणीत टाकायची आणि झाकण ठेवायचं. जन्मात कधी चुलीसमोर न बसलेला माणूस, आणि चार पिढ्या मोरस रांधणाऱ्या घरातल्या बाईला शिकवत होता!

आमच्या यांना मी म्हटलं, तुम्ही तरी सांगा. हे म्हणाले, "स्टोअरमध्ये त्यांच्याशी वाद घालून कुणाला कधी बेअरिंग मिळालंय?" तेही खरंच होतं. मग मी एकदा डॉक्टरांना रस्त्यात गाठून सांगितलं, तर डॉक्टर म्हणाले, "पालेभाजी आहे ना? खाऊ द्या." त्यांनी मोरस कधी बघितलेलीच नव्हती. मी हात टेकले.

वहिनींचे पाय उतरेनात. उलट चेहराही सुजायला लागला. घरत हवालदिल झाले. मग काय केलं असेल? मोरस वाढवली! सगळं बंद करूनही गुण येत नाही, म्हणजे जे चालू आहे तेच कमी पडत असणार, असा हिशेब. रात्रंदिवस त्यांच्या तोंडात एकच, "मी मीठ इश्यू केलेलं नाही. एक कण नाही."

एका रविवारी सकाळी वहिनी नळावर पडल्या. बादली उलटली त्याचा आवाज मी ऐकला. मी आणि वरच्या मजल्यावरच्या बायकांनी त्यांना उचलून आत आणलं. आमचे हे डॉक्टरांना आणायला धावले. डॉक्टर आले, प्रेशर बघितलं आणि ताडकन उभे राहिले.

"काय खायला घालता यांना?"

घरतांनी पाढा वाचला. लोणचं बंद. पापड बंद. सुकी मासळी बंद. मिठाला कुलूप. किल्ली काढून दाखवली. डॉक्टरांनी कपाटाकडे बघितलं, कुलपाकडे बघितलं. त्यांनाही कोडं पडलं. मग त्यांची नजर गेली ती ओट्यावरच्या कढईकडे. झाकण बाजूला काढून त्यांनी विचारलं, "ही कसली भाजी?"

आणि इथे, बायको शेजारच्या खोलीत आडवी पडलेली असताना, या माणसाची जीभ सुटली. काय करणार, सवय! "ही मोरस, डॉक्टर. आमच्या खाडीकाठची. मी इथे स्वतः पिकवली. अख्ख्या पुणे जिल्ह्यात दुसरीकडे मिळणार नाही."

डॉक्टरांनी एक काडी उचलून तोंडात टाकली. चावता चावता थांबले. मोरीपाशी जाऊन थुंकले, चूळ भरली. मग रुमालानं तोंड पुसत अगदी हळू आवाजात विचारलं, "ही वाढते कशावर?"

"मिठाच्या पाण्यावर!" घरत म्हणाले. छाती पुढे काढून म्हणाले. "लोक म्हणाले, पिंपरीत येणार नाही. मी प्रमाण शोधून काढलं. रोज सकाळी बादलीत खडेमीठ मी स्वतः..."

आणि थांबले.

मी घरतांच्या तोंडाकडे बघत होते. इतकी वर्षं त्यांची बोलती बंद झालेली बघायची मला हौस होती. ती तेव्हा फिटली, आणि खोटं सांगत नाही, मला त्यात काडीचाही आनंद झाला नाही. किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हातातून खाली पडला आणि तो उचलायलाही ते वाकले नाहीत.

डॉक्टर आत गेले आणि वहिनींना म्हणाले, "अहो, तुम्हाला तरी खारट लागत होतं ना?"

"लागत होतं की," वहिनी म्हणाल्या. डोळे मिटलेलेच होते. "म्हणून तर खात होते."

डॉक्टरांनी मोरस बंद केली, तेव्हा त्या रडल्या. सुजलेले पाय, आलेली घेरी, कशालाही न रडलेली बाई भाजीसाठी रडली. "सगळं नेलंत," त्या म्हणाल्या. "येवढंच राहिलं होतं तोंडाला. तेपण न्या."

मला वाटलं, आता तरी हा माणूस ड्रम उचलून फेकून देईल. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर घरत अंगणात, बनियनवर, बादली घेऊन हजर. मी कुंपणाशी जाऊन बघितलं. मिठाचं पोतं दिसेना. बादलीत नुसतं नळाचं पाणी. ते ड्रमांतला चिखल धूत होते. पाणी ओतायचं, निथळू द्यायचं, पुन्हा ओतायचं.

"आता काय चाललंय?" मी विचारलं.

"मीठ इश्यू करणं बंद केलंय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "झाडाला मीठ मिळालं नाही, तर झाडात मीठ येणार नाही. अळणी मोरस तयार होईल. मग तिला खाता येईल."

घ्या! अळणी मोरस! म्हणजे गोड कारलं, थंड विस्तव! मी कपाळाला हात लावला. पण या माणसानं ते वर्षभर केलं हो. रोज सकाळी एक काडी तोडायची, चावायची, थुंकायची, मान हलवायची, पुन्हा पाणी. गोड्या पाण्यावर मोरस लांबट झाली, फिक्की पडली, पानांचा गुबगुबीतपणा गेला. बघायला येणारे बंद झाले. कँटीनमध्ये दुसऱ्यांच्या डब्यात डोकावणंही थांबलं, असं हे सांगायचे. घरत आता भिंतीकडे तोंड करून जेवतात, म्हणाले. डब्यात मीठ नसतं म्हणे. मी म्हटलं, ढोंग असेल. इतक्या वर्षांत त्या माणसाबद्दल बरं काही मानायची मला सवयच उरली नव्हती.

वहिनींची सूज उतरली. गोळ्यांनी प्रेशरही खाली आलं. पण त्याबरोबर बाई विझली. कुंपणाशी येईना, बोलेना. जेवायला बसायची आणि ताटाकडे बघत राहायची. मला म्हणाली, "बाई, जीव राहिला, पण तोंड मेलं."

शेवटी एका दुपारी घरत हाफ डे घेऊन घरी आले. अळणी मोरस तयार झाली होती. स्वतः निवडली, स्वतः फोडणीला घातली. फोडणी करपली त्याचा ठसका आमच्या घरात आला. मला मुद्दाम बोलावून घेतलं, साक्षीदार म्हणून. वहिनींसमोर ताट ठेवून ते उभे राहिले. बसले नाहीत. वहिनींनी एक घास घेतला, सावकाश चावला, गिळला. मग ताट हातभर लांब सरकवलं.

"ही मोरस नाय," त्या म्हणाल्या. "हा पाला."

त्या दिवाळीत भाऊबीजेला वहिनी माहेरी गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. माहेरही पेणकडचंच, खाडीच्या काठावर. भावाबरोबर निरोप आला, की आता उरलेले दिवस चवीनं जेवू दे, बोलावू नका. गोळ्या घेते म्हणाल्या होत्या, पण मोरस सोडणार नाही. भाऊ सांगत होता, पाय पुन्हा सुजलेत, पण हसते खूप. घरत त्याच्यासमोर दारात उभे होते. मी आपल्या दारातून ऐकत होते. मला वाटलं, आता व्याख्यान सुरू होणार. त्यांनी फक्त विचारलं, "उकळून, पिळून खाते ना?" भाऊ म्हणाला, "व्हय."

"दोनदा पिळायला सांगा," घरत म्हणाले आणि आत गेले.

कॉलनीनं मात्र त्यांना सोडलं नाही. बायकोला मिठासाठी पळून जावं लागलं, असं लोक तोंडावर म्हणायचे. मीही म्हणायची. का नाही म्हणायचं? एका बाईची जीभ याच्या कुलपानं आणि याच्या शहाणपणानं मारली होती. ती समुद्राकाठी मरायला गेली, तर मी तिच्या बाजूची.

मग आमची बदली झाली. चाकणकडे नवीन शेड पडली होती, हे तिकडे जाणार होते, आणि आम्ही निघोज्यात भाड्याची जागा बघितली होती. सामान हलवायच्या आदल्या दिवशी सकाळी मी काही कामानं हमरस्त्यावर आले होते. एसटीच्या थांब्यावर घरत उभे. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. कमरेला जुडगा नव्हता. हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेला मोठा डबा, आणि त्यातून बाहेर डोकावणारे मोरसेचे फिक्के, लांबट शेंडे.

"कुठे?" मी विचारलं.

"पेणला."

मी त्या डब्याकडे बघितलं. मला राहवेना. म्हटलं, "अहो घरत, कमाल आहे तुमची! खाडीकाठी निघालात आणि इथून मोरस घेऊन? तिथे दारात उगवते ती! पायाखाली तुडवतात लोक!"

पेणची गाडी समोर येऊन उभी राहिली. कंडक्टरनं डब्याकडे बघून तोंड वाकडं केलं. घरतांनी त्याला काहीच सुनावलं नाही. डबा छातीशी धरून पायरीवर चढले आणि मग वळून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात पहिल्यासारखा तोरा नव्हता.

"तिकडची खारट असते, बाई," ते म्हणाले.

गाडी गेली. इतकी वर्षं शेजारी काढली, त्या माणसाचं एकही वाक्य मी कधी खोडून काढल्याशिवाय सोडलं नव्हतं. हे एक वाक्य तेवढं मी तसंच जाऊ दिलं.